आमची वाटचाल: पत्ता सर्व्हरकडे, कोडकडे फक्त नाव

२००९ ला मी आणि माझ्या पार्टनरने सांगलीत गणपती पेठेजवळ एक खोली भाड्याने घेऊन काम सुरू केलं. पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करायचं ठरलं, म्हणजे ठेवी, पिग्मी, कर्ज, व्याज आकारणी सगळं त्यात. भाषा जावा, वेब सर्व्हर टॉमकॅट ६ आणि डेटाबेस मायएसक्यूएल, कारण तिन्ही फुकट होतं आणि आम्हाला तेवढंच परवडत होतं.

तेव्हा आम्ही डेटाबेसचा पत्ता, युजर आणि पासवर्ड सरळ जेएसपी पानातच, म्हणजे स्क्रीन तयार करणाऱ्या जावाच्या फाइलमध्ये, लिहायचो, प्रत्येक पानात. पहिल्या संस्थेत काही बिघडलं नाही. दुसरी संस्था आली तेव्हा सगळा कोड कॉपी करून पासवर्ड बदलला, तिसरी आली तशीच, आणि चौथ्या संस्थेपर्यंत अशी वेळ आली की व्याजाच्या हिशोबातली एक चूक चार ठिकाणी चार वेळा दुरुस्त करायची आणि त्यातली एखादी जागा हमखास राहायची. एका संस्थेच्या मॅनेजर साहेबांनी ऑडिटरच्या सांगण्यावरून डेटाबेसचा पासवर्ड बदलला आणि आम्ही दोघं रात्रभर बसून पानं उघडत होतो.

त्यानंतर पार्टनरने जेएनडीआय, म्हणजे जावातली नावावरून गोष्ट शोधून देणारी सोय, नीट वाचून काढली. कोडने फक्त एक नाव विचारायचं, 'जावा:कॉम्प/एन्व्ह/जेडीबीसी/सोसायटी', आणि त्या नावामागचा खरा डेटाबेस कुठे आहे, पासवर्ड काय आहे, ते सर्व्हरने सांगायचं. टॉमकॅटच्या कॉन्फ फोल्डरमध्ये कॅटलिना, त्यात लोकलहोस्ट, त्यात त्या अ‍ॅपच्या नावाची एक एक्सएमएल फाइल, तिच्यात रिसोर्सची, म्हणजे त्या डेटाबेसची, एक नोंद. वॉर फाइल, म्हणजे आमच्या कोडचं तयार पॅकेट, सगळ्या संस्थांना एकच, फक्त ही छोटी फाइल प्रत्येकाची वेगळी. जावाला मायएसक्यूएलशी जोडणाऱ्या ड्रायव्हरची जार फाइल मात्र टॉमकॅटच्या स्वतःच्या लिब फोल्डरमध्ये पाहिजे, कारण कनेक्शन पूल, म्हणजे डेटाबेसशी आधीच जोडून ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा, आपलं अ‍ॅप नाही तर टॉमकॅट तयार करतो. हे कळायला आमचे दोन दिवस गेले. माझ्या मते आमची फर्म खरी त्या आठवड्यात उभी राहिली, कारण तिथून पुढे नवीन संस्था घेताना पोटात गोळा येईना.

पण पूल आला आणि त्याची दुखणीही आली. रोज सकाळी पहिल्यांदा लॉगिन करणाऱ्याला एरर यायची, दुसऱ्या तिसऱ्यांदा केलं की चालू. कारण साधं होतं, मायएसक्यूएल रिकामं पडलेलं कनेक्शन २८८०० सेकंद म्हणजे ८ तासांनी तोडतं आणि संस्था तर संध्याकाळी बंद होऊन सकाळी उघडते, पूलला वाटतं कनेक्शन अजून जिवंत आहे. व्हॅलिडेशन क्वेरी म्हणून 'सिलेक्ट १' लिहिलं, म्हणजे कनेक्शन हातात द्यायच्या आधी तपासलं जातं, आणि सकाळचे फोन थांबले.

दुसरं दुखणं फार मोठं होतं आणि ते आलं नेमकं ३१ मार्चला. गावात देवळाच्या ट्रस्टची लग्नाची भांडी असतात ना, नेलेली परत आणून दिली तरच पुढच्या घरचं लग्न होतं, पूल तसाच आहे. आमच्या एका रिपोर्टमध्ये खात्यात व्यवहार नसेल तर कोड मधूनच परत फिरायचा आणि कनेक्शन बंद करायची ओळ मागे राहायची. इतर दिवशी जाणवलं नाही, वर्षअखेरीला शंभरवेळा तो रिपोर्ट काढला आणि सगळी कनेक्शनं बाहेर. त्यात किती वेळ वाट बघायची हे आम्ही दिलेलंच नव्हतं, म्हणजे कायमची वाट, त्यामुळे एररसुद्धा नाही, नुसतं पान फिरतंय आणि काउंटरवर सभासदांची रांग. टॉमकॅट रिस्टार्ट केला की तासभर बरं चालायचं, रात्री उशिरापर्यंत आम्ही तेच करत राहिलो, आणि त्या स्टाफला झालेला त्रास मला आजही लागतो. नंतर परत न आलेलं कनेक्शन काढून घेणारी आणि त्याची नोंद लिहिणारी रिमूव्ह अबँडन्ड आणि लॉग अबँडन्ड ही सेटिंग्ज चालू केली तेव्हा लॉगमध्ये नेमकी ओळ सापडली. जावा ७ वर गेल्यावर सगळीकडे ट्राय-विथ-रिसोर्सेस ही कोडची नवी रचना लावली, आता कनेक्शन आपोआप परत जातं.

टॉमकॅट ८ वर जाताना एक गोष्ट शिकलो ती सगळ्यांना सांगतो. मॅक्सअ‍ॅक्टिव्ह हे जास्तीत जास्त कनेक्शनांच्या आकड्याचं नाव तिथे मॅक्सटोटल झालं आणि किती वेळ वाट बघायची ते मॅक्सवेट झालं मॅक्सवेटमिलिस. जुनं नाव ठेवलं तर सर्व्हर व्यवस्थित सुरू होतो, लॉगमध्ये फक्त एक वॉर्निंग देतो की तुमचा आकडा वापरलेला नाही, आणि तुम्ही ३० लिहिले असले तरी मिळतात डीफॉल्टची ८. स्टार्टअप लॉग पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा हा नियम आमच्याकडे तेव्हापासून आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला, सांगलीत कृष्णा नदीवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५. पेठेतल्या एका संस्थेचा सर्व्हर आदल्या रात्रीच मिरजेला हलवला होता, बॅकअप तिथल्या दुसऱ्या मशीनवर चढवला, एक्सएमएलमधला पत्ता बदलला आणि अ‍ॅप चालू झालं, कोडला हात नाही. लोकांना पैशांची गरज होती तेव्हा त्यांच्या ठेवीचा हिशोब समोर दिसत होता.

पुढे एक मोठं गिऱ्हाईक मिळालं, त्यांच्याकडे टॉमकॅटऐवजी वाइल्डफ्लाय हा सर्व्हर. तिथे डेटासोर्सचं, म्हणजे डेटाबेसच्या जोडणीचं, नाव 'जावा:जेबॉस/डेटासोर्सेस' ने सुरू होतं, आमचा कोड शोधतोय जुनं नाव, आणि नाव सापडत नाही अशी एरर. वेब डॉट एक्सएमएलमध्ये रिसोर्स रेफची नोंद केली आणि जेबॉस-वेब डॉट एक्सएमएलमध्ये आमचं नाव त्यांच्या नावाला जोडलं, झालं काम. पासवर्ड त्यांच्या डीबीएकडेच, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याकडेच, असतो, आम्हाला माहीतही नाही, आणि असंच असावं.

सध्या टॉमकॅट १० चं काम चालू आहे. सर्व्हलेटच्या, म्हणजे वेबच्या विनंत्या हाताळणाऱ्या जावाच्या भागाच्या, सगळ्या पॅकेजेसचं नाव जावाएक्सचं जकार्ता झालंय, पण लुकअप करणारा, म्हणजे नावावरून डेटाबेस शोधणारा, आमचा क्लास जसाच्या तसा राहिला कारण नेमिंग आणि एसक्यूएलची ती पॅकेजेस जावाच्या स्वतःच्या आहेत. अर्ध्या संस्था झाल्यात, उरलेल्यांना मार्च संपल्याशिवाय हात लावणार नाही.