कॅलेंडरवरच्या खुणा

‘नवरा मारतो असं नाही हो, कधीतरी हात उचलतो,’ मी समुपदेशक ताईंना म्हणाले. त्यांनी वाद घातला नाही. गेल्या वर्षाचं कोरं कॅलेंडर पुढ्यात ठेवलं. ‘आठवतील त्या तारखांवर आकडा घाला. ढकललं, थप्पड मारली तर १. हत्यार वापरलं तर ५.’

मला वाटलं, चार-पाच खुणा होतील. मग मुलाचा वाढदिवस आठवला, माझ्या मुलाखतीची आदली रात्र आठवली, आणि आकडे १९ झाले. शेवटच्या दोन महिन्यांत तर नुसती दाटी. एरवी मी पैन्‌पैचा हिशेब ठेवते; हा कधी मांडलाच नव्हता.

त्यानंतर २० प्रश्न, हो किंवा नाही. पाळत ठेवतो का? जिवे मारायची धमकी दिली आहे का? जिवाला किती धोका आहे ते जोखायची ही पद्धत जॅकलिन कॅम्पबेल या परिचारिका-संशोधिकेने १९८०च्या दशकात तयार केली, हे नंतर कळलं. ‘कधी गळा दाबलाय?’ यावर मी म्हणाले, ‘एकदाच. वळसुद्धा उठला नाही.’

ताईंचं पेन थांबलं. गळा दाबल्यावर अनेकदा वळ उठतच नाही, आवाज बसतो, गिळताना दुखतं. माझा आवाज आठ दिवस बसला होता आणि मी तो सर्दीच्या खात्यावर टाकला होता. जोडीदाराने आधी गळा दाबलेला असेल, तर पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सातपटीहून जास्त, असं २००८च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं होतं. ताईंनी हे आवाज न चढवता सांगितलं.

‘मग आजच निघते.’

‘निघायचं की नाही, कधी, ते तुम्ही ठरवा. पण घर सोडतानाचा आणि त्यानंतरचा काळ फार धोक्याचा असतो. तयारी करून निघू.’

आईपासून सगळ्यांनी आजवर ‘सोड त्याला’ नाहीतर ‘सांभाळून घे’ एवढंच सांगितलं होतं. खरं सांगू? मला ताईंचा रागच आला. कुणी हुकूम सोडला असता तर सोपं झालं असतं.

तयारीला सहा आठवडे लागले. कागदपत्रं एकेक करून मैत्रिणीकडे गेली. भांडण पेटलं तर स्वयंपाकघरात थांबायचं नाही, तिथे सुऱ्या असतात. शेजारणीला एक शब्द ठरवून दिला. तो ऐकला की तिने पोलिसांना फोन करायचा. माझं लोकेशन त्याला दिसतं हे कळल्यावर मात्र मी ते तिथल्या तिथे बंद करायला निघाले होते. ताईंनी अडवलं. अचानक बंद झालं तर त्याला संशय येणारच. तेव्हापासून आमचं बोलणं मैत्रिणीच्या फोनवरून.

निवाऱ्यात जागा मिळाली त्या मंगळवारी तो कामावर गेला. मी मुलाचं दप्तर भरलं, माझा फोन ओट्यावर चार्जिंगला लावला, लोकेशन चालूच ठेवलं, आणि दार ओढून घेतलं.