भाकड महिन्यातली जत्रा

आईच्या लेखी पौष हा भाकड महिना. लग्न नाही, वास्तुशांत नाही, नवी स्कूटरसुद्धा माघात आणायची. आणि नेमकी याच महिन्याच्या पौर्णिमेला तिच्या माहेराजवळ, मुरबाड तालुक्यातल्या म्हशाला, गुरांची जंगी जत्रा भरते. भाकड महिन्यात गुरांचा बाजार! ही गंमत ठाण्यात बसून कळणारी नाही.

ती कळते एसटीच्या खिडकीतून. कल्याण सुटलं, मुरबाड मागे पडलं, की दोन्ही बाजूंना रिकामी खाचरं. भात कापून, झोडून घरात गेलेलं. हात मोकळे, खिशात चार पैसे, आणि जमिनीला मृगापर्यंत काम नाही. मग तिथेच बैल बांधतात, आकाशपाळणे उभे राहतात.

देव खांबलिंगेश्वर, पण सगळे म्हसोबाच म्हणतात. दर्शन आम्ही पटकन उरकलं, कारण मामाचा जीव बैलांत. स्वतःची जोडी विकून त्याने कधीच पॉवर टिलर घेतलाय, तरी दिसेल त्या बैलाचा खालचा ओठ ओढून दात बघतो. "हा आदत. हा दोनदाती. ह्याच्या नादी लागू नको भाच्या, जुळलाय." बैलाचं वय दातांवरून कळतं. आदत म्हणजे अजून दुधाचेच दात; ते पडून पक्के दात दोन-दोन करून येतात, आठही आले की बैल जुळला. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, हे मला पन्नाशीत कळलं.

सगळ्यात गर्दी शर्यतीच्या खोंडांभोवती. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१मध्ये अटी घालून परवानगी दिली. नांगराच्या बैलाकडे मात्र फक्त मामासारखेच बघत होते. पलीकडे दोघे टॉवेलखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबत होते. भाव ठरत होता, आणि शेजारच्यालाही आकडा कळत नव्हता. मी जरा वाकून पाहिलं, तर व्यापारी म्हणाला, "घ्यायचाय का?"

मी घोंगडी घेतली. म्हशाला जाऊन घोंगडी न घेता परतणं बरं दिसत नाही. घोडबंदर रोडच्या नवव्या मजल्यावर पोचेपर्यंत लिफ्टलाही मेंढीचा वास लागला. बायकोने तिची रवानगी थेट बाल्कनीत केली.

आईने मात्र ती आत आणून मांडीवर पसरली, काठ चिमटीत धरून बघितला. "पौषात नवी वस्तू," एवढं पुटपुटली आणि भाव विचारला. मी घोंगडीखाली तिचा हात धरला आणि बोटं दाबून निम्मा आकडा सांगितला. तिने माझी आणखी दोन बोटं दाबली.