तुम्ही विचारलंत म्हणून: त्या व्हॅम्पायरवाल्या सिनेमाला स्क्रिप्ट होती की नव्हती?

जो भेटेल त्याच्या गळ्यात हा सिनेमा मारायची मला खोड आहे. आणि ज्यांच्या गळ्यात मारते त्यातले निम्मेअधिक दुसऱ्या दिवशी एकच प्रश्न विचारतात, की अगं याला काही स्क्रिप्टबिप्ट होती का, का नुसता कॅमेरा लावून सुचेल ते बडबडलेत? तर एकदाच काय ते लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पुढे ढकलता येईल.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी. सिनेमा आहे 'व्हॉट वी डू इन द शॅडोज', न्यूझीलंडचा, २०१४ चा. वेलिंग्टन शहरात चार व्हॅम्पायर एका जुनाट घरात भाडेकरूंसारखे एकत्र राहतात आणि एक डॉक्युमेंटरीवाली टीम कॅमेरा घेऊन त्यांच्या मागे मागे फिरते, बस, एवढंच. सुरुवातीलाच एक पाटी येते की युनिटमधल्या प्रत्येकाच्या गळ्यात क्रूस होता आणि व्हॅम्पायरांनी त्यांना अभय दिलं होतं. मग घरात मीटिंग भरते. विषय काय, तर त्या चौघांतल्या डीकनने गेली पाच वर्षं भांडी घासलेली नाहीत. सिंकमध्ये रक्ताने लडबडलेल्या भांड्यांचा ढीग आणि शेकडो वर्षांची ही मंडळी कामाच्या वाटणीवरून अशी भांडतात की होस्टेलवर राहिलेल्या कुणालाही आपली जुनी खोली आठवेल.

आता उत्तर. स्क्रिप्ट होती. चांगली दीडशे पानांची होती. फक्त ज्यांनी ती बोलायची त्यांनाच दाखवली नव्हती!

म्हणजे असं, की तायका वायटिटी आणि जेमेन क्लेमंट या दोघांनी मिळून सिनेमा लिहिला, दोघांनीच दिग्दर्शित केला आणि दोघं त्यात कामंही करतात. वायटिटी म्हणजे वियागो, तो ३७९ वर्षांचा टापटीपवाला, आणि क्लेमंट म्हणजे व्लादिस्लाव, वय वर्षं ८६२. सीन कुठून निघून कुठे पोचायचा हे या दोघांना पाठ होतं, बाकीच्यांना फक्त प्रसंग सांगायचे आणि कॅमेरा सुरू. त्यामुळे समोरचा जो चेहरा करतो ना, तो पुष्कळदा खरोखरच पहिल्यांदा ऐकल्याचा चेहरा असतो. पण गाडी रुळावरून घसरायला लागली की आत बसलेले दोघं लेखक वियागो आणि व्लादिस्लाव म्हणूनच ती परत वळवू शकतात, बाहेरून कुणी कट म्हणून ओरडायची गरज नाही. मला विचाराल तर अर्धी करामत इथेच आहे.

आणि हे काही एका रात्रीत सुचलेलं नाही हां. दोघांची ओळख वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया युनिव्हर्सिटीतली, तिथून पुढे 'ह्यूमरबीस्ट्स' नावाने जोडीने स्टेजवर कॉमेडी करायचे, १९९९ मध्ये तिकडचं नावाजलेलं बिली टी अवॉर्डही मिळालं होतं. मग २००५ मध्ये यांनी याच कल्पनेवर एक शॉर्ट फिल्म केली. त्यातही हेच व्हॅम्पायर, हेच घरातलं जगणं, आणि पुढे सिनेमात डीकन झालेला जॉनी ब्रू आणि निक, म्हणजे नव्याने व्हॅम्पायर होणारा पोरगा, झालेला कोरी गोन्झालेझ-मक्यूअर दोघंही त्यात होतेच. तिथून फुल लेंग्थ सिनेमा व्हायला नऊ वर्षं लागली. कारण साधं आहे, मधल्या काळात दोघांचीही गाडी आपापल्या कामांत सुसाट सुटली. क्लेमंट 'फ्लाइट ऑफ द कॉन्कॉर्ड्स'मध्ये अडकला, ती मालिका एचबीओवर २००७ ते २००९ चालली, आणि वायटिटीने तोवर 'ईगल व्हर्सेस शार्क' आणि 'बॉय' असे दोन सिनेमे काढले. शूटिंग अखेर झालं २०१२ मध्ये.

२०१२ चं वेलिंग्टन म्हणजे हॉबिटवाल्यांचं, 'द हॉबिट' हे भव्य सिनेमे काढणाऱ्यांचं वेलिंग्टन हे लक्षात घ्या. तिथे तो अवाढव्य प्रकल्प नुकता आटपत होता आणि शहरात कसलेली माणसं भरलेली होती. सेटची जबाबदारी ज्याच्याकडे होती तो रा व्हिन्सेंट हॉबिटवरूनच आलेला. आता विचार करा, व्हॅम्पायरच्या सिनेमाचं बजेट साधारण १६ लाख अमेरिकन डॉलर, म्हणजे हॉबिटवाल्यांच्या दृष्टीने चहापाण्याचा खर्च. तरी ते घर बघा. भिंतींचा तो शेवाळी अंधार, जड पडदे, शवपेट्या, लाकडावर बसलेली शतकांची धूळ. कुठेही वाटत नाही की पैसे कमी पडलेत. जोक कितीही पाचकळ असला तरी घर मात्र पूर्ण गांभीर्याने बांधलंय, आणि म्हणूनच त्या घरात कुणी भांड्यांवरून भांडलं की हसू येतं. घरही विनोदी केलं असतं तर सगळं मुसळ केरात.

वियागोबद्दल एक गंमत. वायटिटीने सांगितलंय की हे पात्र त्याने आपल्या आईवरून उचललं. हे कळल्यावर तो सोफ्याचा सीन परत बघा. वियागोला एका बाईचं रक्त प्यायचंय, पण आधी तो सोफ्यावर आणि जमिनीवर वर्तमानपत्रं पसरतो, टॉवेल लावतो, तिच्याशी अगदी आदबीने गप्पा मारतो, आणि मग चावतो तर नेमकी मुख्य रक्तवाहिनी फुटते आणि कारंजं! सगळा सोफा लाल. त्याच्या तोंडावर पश्चात्ताप वगैरे काही नाही, आहे ते फक्त 'अरे देवा, आता हे डाग कसे निघणार'. हा सीन मी किती वेळा पाहिलाय ते सांगत नाही.

आता स्टू. जवळजवळ सगळ्यांचा दुसरा प्रश्न हाच असतो, की तो गप्प बसलेला गोरा, गुबऱ्या गालांचा माणूस कोण, काय सुंदर काम केलंय त्याने. तर स्टू रदरफोर्ड हा नटच नाही! दिग्दर्शकांचा मित्र, कॉम्प्युटरवाला माणूस, सिनेमात जी नोकरी सांगतो साधारण तसलीच खरी नोकरी करणारा. त्याला वाटलं आपलं छोटंसं काम आहे, येऊन जाऊन असायचं. आपण सिनेमाच्या इतके मध्यभागी आहोत हे त्याला सांगितलंच नव्हतं. तो व्हॅम्पायरांना इंटरनेट शिकवतो, सूर्योदयाचे व्हिडिओ दाखवतो, वियागोच्या जुन्या नोकराशी व्हिडिओ कॉल लावून देतो, आणि या सगळ्यांना तो इतका आवडतो की त्याला खायचं नाही असं आपसात ठरतं. नट असता तर त्याने काहीतरी केलं असतं, म्हणजे भुवई उडवली असती, एखादं वाक्य जोडलं असतं. स्टू काहीच करत नाही. नुसता उभा राहतो. माझं स्पष्ट मत आहे की सिनेमातलं सगळ्यात भारी काम त्याचंच आहे, आणि माझ्या घरात हे कुणालाही पटत नाही.

असंच त्या पोलिसबाईंचं. आवाजाची तक्रार आली म्हणून दोन पोलिस घरात येतात, त्यांना संमोहित केलेलं असतं त्यामुळे त्यांना प्रेतही दिसेनासं होतं, मात्र घरात धुराचा अलार्म नाही हे बरोब्बर दिसतं. त्यातली कॅरन ओलिअरी प्रत्यक्षात लहान मुलांच्या शाळेत शिकवायची. वर्गात बारकी पोरं सांभाळणाऱ्या बाईंचा जो आवाज असतो, न चिडता पण ऐकायलाच लावणारा, तोच आवाज आहे तो. पुढे २०१८ मध्ये याच दोन पोलिसांना घेऊन 'वेलिंग्टन पॅरानॉर्मल' नावाची अख्खी मालिका निघाली.

बरं, आता माझ्या धंद्याचं. मी पोटापाण्यासाठी व्हिडिओ एडिटिंग करते, त्यामुळे 'सुचेल ते बोलले असतील' हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. कारण हे मी भोगलंय. मित्रमंडळींनी एकदा भुताची असलीच खोटी डॉक्युमेंटरी करायचं ठरवलं, स्क्रिप्ट नको, नॅचरल हवं, सुचेल ते बोला. तीन तास शूट केलं. मी एडिटला बसले तर चौघंही एकदम बोलतायत, एक जण प्रत्येक वाक्य 'म्हणजे काय आहे ना'ने सुरू करतोय, कप एका टेकमध्ये डाव्या हातात तर पुढच्यात उजव्या, आणि भूत सगळ्यात चांगला डायलॉग बोललं तेव्हा मागे कुणीतरी कुकरच्या शिट्ट्या मोजत होतं. तीन तासांतून निघाली चार मिनिटं. तीही बळेच.

तर या लोकांकडे सव्वाशे तासांच्या आसपास फुटेज होतं. सिनेमा जेमतेम ८६ मिनिटांचा. मी हिशोब करून बघितला, एका तासाच्या फुटेजमधून सरासरी ४१ सेकंद सिनेमात गेलेत. बाकी सगळं कचऱ्यात, आणि त्या कचऱ्यात भरपूर चांगले जोकही असणार, मला तर विचारानेच रडू येतं. एडिटिंग वर्षाहून जास्त चाललं. एडिटर तिघं, त्यातल्या याना गोर्स्कायाने आधी 'स्पेलबाउंड' ही खरी डॉक्युमेंटरी एडिट केली होती, ती स्पेलिंगच्या स्पर्धेतल्या मुलांवरची. दुसरा टॉम ईगल्स, ज्याला पुढे वायटिटीच्याच 'जोजो रॅबिट'साठी ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं.

आणि डॉक्युमेंटरीचा बाज घेतल्याचा खरा फायदा इथे दिसतो. साध्या सिनेमात दोन शॉट जुळले नाहीत तर तुम्ही मेलात. इथे जुळले नाहीत तर मध्ये एक मुलाखत टाका, पात्र कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी सांगतंय, की सांधा गायब. भूतकाळ दाखवायचाय? लढाया, किल्ले, घोडे काही लागत नाही, जुनी चित्रं, कोरीव छापे आणि पिवळट फोटो दाखवायचे आणि वर आवाज. स्वस्तही पडतं, आणि गोष्टीत कुठे भोक राहिलं असेल तर शूटिंग संपल्यावर सहा महिन्यांनीसुद्धा ते आवाजाने बुजवता येतं. दीडशे पानं आधी लिहिली होती म्हणून सव्वाशे तासांत काय शोधायचं हे तरी माहीत होतं. आमच्याकडे शोधायला काही नव्हतंच, होता तो कुकर.

दुसरी गोष्ट म्हणजे नियम. या दोघांनी व्हॅम्पायरचा एकही नियम मोडलेला नाही, उलट सगळे इतके प्रामाणिकपणे पाळलेत की त्यातूनच पंचाईत होते. आरशात दिसत नाही म्हणून बाहेर जाताना एकमेकांची चित्रं काढून दाखवायची, की बघ बाबा, तू आज असा दिसतोयस. आमंत्रणाशिवाय आत जाता येत नाही म्हणून क्लबच्या दारात उभं राहून बाउन्सरच्या विनवण्या करायच्या, जरा आत या म्हणा ना. हे आरशाचं आणि आमंत्रणाचं ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या 'ड्रॅक्युला' कादंबरीतच आहे. उन्हाने मरायचं मात्र तिथे नाही बरं का, स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसाढवळ्या फिरतो, फक्त ताकद कमी होते. सूर्यप्रकाशाने नष्ट व्हायची भानगड आली १९२२ च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटातून. तो कादंबरीवरून परवानगी न घेताच काढला होता म्हणून स्टोकरच्या विधवा पत्नीने कोर्टात खेचलं आणि सगळ्या प्रिंट नष्ट करायचा हुकूम झाला, तरी काही प्रिंट वाचल्याच. तळघरात दगडी पेटीत राहणारा आठ हजार वर्षांचा पीटर, तो टकला, उंदरासारख्या दातांचा, बेन फ्रान्शमने केलेला, तो सरळसरळ त्या मूकपटातल्या व्हॅम्पायरचा वंशज आहे. आणि त्याचा शेवट कशाने होतो आठवा. उन्हाने! ज्या सिनेमाने हा नियम आणला त्याचाच चेहरा घेऊन त्याच नियमाने मरतो. हे लक्षात आलं तेव्हा मी पॉज करून उगाचच टाळ्या वाजवल्या होत्या.

प्रीमियर झाला जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स फिल्म फेस्टिव्हलला. त्या वर्षी मायदेशी लागलाही, पण अमेरिकेत थिएटरमध्ये आणायला पैसे नव्हते, म्हणून २०१५ च्या सुरुवातीला किकस्टार्टर या वर्गणी गोळा करायच्या वेबसाइटवर लोकांकडून चार लाख डॉलर मागितले आणि लोकांनी त्याहून जास्त दिले. पुढचं तुम्हाला माहीतच असेल, वायटिटीला 'थॉर'चा सिनेमा मिळाला, २०१९ पासून याच कल्पनेवर अमेरिकन मालिका आली, ती सहा सीझन चालली, चांगली आहे, पण तिच्यात स्टू नाही, त्यामुळे माझं मत विचारू नका.

आणि हो, बघाल तेव्हा क्रेडिट्स सुरू झाली म्हणून उठू नका. अगदी शेवटी डीकन कॅमेऱ्यात रोखून बघतो, हात फिरवतो आणि आपल्यालाच संमोहित करायला जातो, की तुम्ही हा सिनेमा पाहिलाच नाही, सगळं विसरून जा. माझ्यावर अजून एकदाही चाललेलं नाही. माझ्या आतेभावावर मात्र चाललं असावं, कारण तो दर वेळी तोच प्रश्न नव्याने विचारतो.