वॉल स्ट्रीटवरची ती लादी

आज ऑफिसमधून जरा लवकर सुटलो आणि वॉल स्ट्रीटवरच्या फेडरल हॉलमध्ये घुसलो, बाहेर वॉशिंग्टनच्या पुतळ्यापाशी सेल्फीवाल्यांची ही गर्दी आणि आत शुकशुकाट. मूळ बिल्डिंग १८१२ मध्येच पाडली, पण ३० एप्रिल १७८९ ला बाल्कनीत ज्या लादीवर उभं राहून वॉशिंग्टनने अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ घेतली ती जपून ठेवलीय. साधा दगड हो, तरी पाय हलेना.

खरी गंमत त्याच्या आधीची! काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची नवी संसद, इथेच ४ मार्चला भरायची होती, तर सिनेटचे (वरच्या सभागृहाचे) २२ पैकी ८ जणच हजर. रस्ते भयंकर, कोरम होता होता ६ एप्रिल उजाडला, तोवर राष्ट्राध्यक्षाची मतंसुद्धा मोजता येईनात. आणि वॉशिंग्टनकडे जमीन मोप पण रोकड नाही, न्यूयॉर्कला यायला चक्क उसने पैसे घेतले बिचाऱ्याने. देशाच्या डोक्यावर स्वातंत्र्ययुद्धाचं कर्ज, म्हणून जुलैत आधी आयात मालावर कर बसवला, मग परराष्ट्र, युद्ध, खजिना अशी खाती एकेक करत सप्टेंबरपर्यंत उभी केली. सिनेट मात्र मधेच राष्ट्राध्यक्षाला 'हिज हायनेस' म्हणायचं का यावर वाद घालत बसली होती, अगदी आमच्या सोसायटीची मीटिंग! आणि हे सगळं ११ राज्यांच्या जिवावर, कारण नॉर्थ कॅरोलिना आणि ऱ्होड आयलंड तेव्हा नव्या संघराज्यात आलेच नव्हते.