हरवलेला बाण

पडद्यावरचा बाण दिसेनासा झाला की हात आपोआप माऊस गरागरा फिरवू लागतो. जेवणानंतरच्या सुस्तीत तर हमखास. दोन मॉनिटर असले तर स्वारी भलत्याच कोपऱ्यात जाऊन बसलेली असते. खरं तर विंडोजचं बटण आणि आर दाबून ‘मेन डॉट सीपीएल’ (main.cpl) लिहून एन्टर दाबलं, उघडलेल्या माऊसच्या सेटिंगमधल्या ‘पॉइंटर ऑप्शन्स’ पानावर शेवटच्या चौकोनात टिक केली, की काम झालं. पुढे कंट्रोल दाबायचा, बाणाभोवती वर्तुळं आकसत येतात.

पण गरागरा फिरवण्याची ही खोड जुनीच. गोळीवाल्या माऊसच्या काळातली. बाण अडखळला की माऊस उलटा करायचा, खालची चकती फिरवायची, रबरी गोळी तळहातावर (नाहीतर टेबलाखाली) पडायची आणि आतल्या रुळांवर बसलेली मळाची पट्टी नखाने खरवडायची. ती अखंड निघाली की काय समाधान!

आता मळ नाही, पण बाण चुकतोच. त्याच ‘पॉइंटर ऑप्शन्स’ पानावर ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ असतं, आधीपासून टिक केलेलं. नाव अचूकतेचं, काम वेगळंच: हात झटक्यात हलवला तर बाण लांब जातो, तेवढंच अंतर सावकाश हलवला तर कमी जातो. नेम धरणाऱ्याने टिक काढावी आणि वरची वेगाची पट्टी आपल्या मनगटाला विचारून सरकवावी. दोन दिवस चुकल्यासारखं वाटतं, इतकंच.

सगळ्यात हाल डबल क्लिकचे. ‘आजोबा, पटकन पटकन दाबा ना!’ आजोबा दाबतात. टक... टक. फोल्डर उघडत नाही, नावच निळं होतं आणि पुढची कळ लागली की नाव पुसलं जातं. विंडोज मुळात दोन टिचक्यांत जेमतेम अर्धा सेकंद देतं. ‘बटन्स’ पानावरची पट्टी ‘स्लो’कडे न्यावी, शेजारचं चिमुकलं फोल्डर उघडलं तर जमलं. मात्र हात थरथरून बाणच सरकत असेल तर पट्टीचा उपयोग नाही. एकदाच क्लिक आणि मग एन्टर, हे सोपं.

एकदाच दाबून दोनदा लागत असेल तर दोष बोटाचा नाही, सेटिंगचाही नाही. आतला स्विच झिजलाय. माऊस बदला.

आणि डावखुऱ्याने बटणं अदलाबदल करून ठेवलेला सामायिक कॉम्प्युटर वाट्याला आला, तर? प्रत्येक क्लिकला मेनू उघडतो. बसा बंद करत.