आईची कंबर आणि भाचीचे हात

भाची सुट्टीला आलीय, नेरूळला आमच्याकडेच उतरलीय. अमेरिकेत आयोवाला, डॅव्हनपोर्टच्या पामर कॉलेजात कायरोप्रॅक्टिक शिकते, म्हणजे हातांनी मणके-सांधे दाबून, हलवून दुखण्यावर उपचार करायची पद्धत. डी. डी. पामरने १८९५ ला ही पद्धत त्याच गावात सुरू केली आणि १८९७ ला शाळा काढली, या विषयातली जगातली पहिली.

आज सकाळी आई तिला म्हणाली, अगं माझी कंबर जरा कडकन मोडून दे की, त्या रीलमध्ये करतात तशी. पोरीने हात लावायच्या आधी अर्धा तास नुसते प्रश्नच विचारले, पायाला मुंग्या येतात का, रात्री दुखून जाग येते का, लघवीवर ताबा आहे ना, कधी पडलीस का... मग चटईवर पालथं झोपवून डोळे मिटून दोन बोटांनी एकेक मणका चाचपत खाली आली, कमरेपाशी थांबली, "आजी, इथे ना?" आई म्हणाली हो गं बाई, तिथ्थेच!

पण झटका दिला नाही हं. म्हणाली आजीची हाडं ठिसूळ आहेत, आणि कॉलेजच्या क्लिनिकमध्येसुद्धा आमच्यावर सर असतात, त्यांना विचारल्याशिवाय आम्ही पेशंटला काही करत नाही. आणि तो कडकन आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतोच म्हणे, सांध्यातल्या द्रवात गॅसची पोकळी होते त्याचा असतो, मला तर आजच कळलं. किती अभिमान वाटला तिचा!

उद्या वाशीला ऑर्थोची अपॉइंटमेंट घेतलीय. आत्ता आई शेकायची पिशवी घेऊन झोपलीय आणि भाची तिच्या उशाशी बसलीय.