धरायची की नाही?

आज तब्बल दोन तास वाद. स्टार ट्रेकची १९७३-७४ची अ‍ॅनिमेटेड मालिका अधिकृत कथेत धरायची की नाही? मित्र म्हणे, खुद्द स्टार ट्रेकच्या जन्मदात्या जीन रॉडनबेरीनेच पुढे तिला अधिकृत कथेतून काढलं, विषय संपला. मी म्हटलं, मग नायक कॅप्टन कर्कच्या नावातलं ‘टायबेरियस’ आलं कुठून? याच मालिकेतून! गप्प बसला. दोन मिनिटं.

अ‍ॅनिमेशन स्वस्तातलं, हे मलाही मान्य. (माणसं पुतळ्यासारखी उभी, हलतात फक्त ओठ.)

शेवटी तिचा ‘येस्टरइयर’ हा भाग लावला. छोटा स्पॉक (कर्कचा परग्रही साथीदार), त्याला वाचवताना विषारी नखं लागलेला त्याचा म्हातारा सेहलात (अस्वलासारखा पाळीव प्राणी), आणि त्याला वेदनेतून सोडवायचा त्या पोराने घेतलेला निर्णय. मित्र बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "बरं, हा एवढा एक भाग धरू."